खाटेवरून अंगणात
(महिला मेळाव्यातील भाषण)

तायांनो, घरच्या माणसाला अटॅक येऊन गेला की आपण त्याला खाटेवरून उतरू देत नाही. अन् बाईला आला, तर? सुटी होताच ती चुलीपुढं, मग रोवणीला. आपल्या भंडाऱ्यात हे दोन्ही चालतं, दोन्ही चूकच.

देशातल्या २४ रुग्णालयांत ३,९५९ रुग्णांचा अभ्यास झाला, २०२० साली छापून आला. औषधासोबत तीन महिन्यांत योगाचे १३ वर्ग केलेल्यांना इतरांपेक्षा जास्त बरं वाटलं, आधीची कामंही ते जास्त करू लागले.

म्हणून डॉक्टरांना विचारा, "किती चालायचं?" आधी अंगण, मग बांधी. गोळ्या सोडायच्या नाहीत. छातीत दुखलं, घाम फुटला, तर थांबा अन् १०८ ला फोन लावा. ग्रामसंघाच्या बैठकीत हे सांगाल ना?