‘थकवा अंगावर काढू नका’: ही ओळ मी लिहिली होती

आज आवाज जरा घुमतोय, कारण हा एपिसोड मी पुण्यातून नाही, उमरग्यातून करतोय. घरी, वरच्या खोलीत. मध्येच सोलापूर-हैदराबाद हायवेवरचा एखादा ट्रक हॉर्न मारेल, तेवढं चालवून घ्या.

विषय आहे औषधांच्या जाहिराती. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळायला हवीत अशा औषधांच्या. तुम्ही म्हणाल, असल्या जाहिराती आपल्याकडे दिसतात कुठं? बरोबर, दिसत नाहीत. मीपण हेच म्हणायचो.

आधीच्या नोकरीत मी एका हेल्थ ॲपवर काम करत होतो. नाव घेत नाही. औषधं घरपोच, रक्ततपासणी घरपोच, असलं ते ॲप. माझ्याकडे नोटिफिकेशनची सिस्टीम होती. कोणाला, कधी, कुठला मेसेज जाणार ते ठरवणारा कोड. आमच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक मेसेजला एक प्रकार द्यावा लागायचा: ‘ऑफर’ किंवा ‘जनजागृती’. जनजागृतीत सवलत लिहायची नाही, औषधाचं नाव घ्यायचं नाही. लीगलवाले खूश. पण शेजारचा कॉलम दोन्हीला एकच होता: सात दिवसांत ऑर्डर किती आल्या. जाग किती जणांना आली याचा कॉलमच नव्हता. हे तेव्हा मला खटकलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला तो कोड स्वच्छ लिहिल्याचा अभिमान होता.

मग मॅनेजर म्हणाला, लहान शहरांत मराठीतून मेसेज पाठवू. टीममध्ये मराठी लिहू शकणारा मी एकटाच. मी लिहिलं, ‘थकवा अंगावर काढू नका. शरीर काहीतरी सांगतंय.’ अंगावर काढणं हा आमच्या आजीचा शब्द. भाषांतर करून आलेल्या ओळींपेक्षा माझी ओळ कितीतरी जास्त चालली. ४५ च्या पुढचं वय, लहान शहर, वेळ दुपारी तीन, म्हणजे बायका जेवणं उरकून जरा टेकतात तेव्हा. ही वेळपण मीच सुचवली होती. टीमने मला मिसळ खाऊ घातली.

त्या दिवाळीला घरी आलो तर आईने फोन पुढं केला. ‘हे बघ की रे, किती खरं लिहिलंय. आपल्यासारख्याच कुणीतरी लिहिलेलं दिसतंय.’

माझीच ओळ.

ती ओळ वाचून तिने तपासणीचं पॅकेज घेतलं होतं, दीड हजाराचं. लॅबचा पोरगा घरी येऊन रक्त घेऊन गेला होता. रिपोर्ट फोनवर, बरीच पानं, रंगीत. पहिल्या पानावर व्हिटॅमिन डी लाल रंगात, खाली गोळ्या मागवायचं बटण. मधे एका पानावर हृदयाचं चित्र, त्यापुढं हिरवी खूण आणि ‘नॉर्मल’. ते म्हणजे फक्त कोलेस्टेरॉलचे आकडे होते. आईने मात्र जे दिसलं ते वाचलं: हृदय नॉर्मल.

हे इथं सोडतो, परत येतो त्यावर. आधी कायद्याचं थोडं.

१९५४ पासून आपल्याकडे ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज ॲक्ट आहे. त्याला आजारांची एक यादी जोडलेली आहे. मधुमेह त्यात आहे, कॅन्सर आहे, रक्तदाब आहे, लठ्ठपणासुद्धा आहे. या आजारांवर आमचं औषध चालतं अशी जाहिरात करणं गुन्हा आहे आणि पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय ड्रग्ज रूल्सप्रमाणे शेड्युल एच, एच-१ आणि एक्समधल्या, म्हणजे चिठ्ठीवरच्या औषधांची जाहिरात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय करता येत नाही. आता ‘साखर मुळापासून बंद’ असल्या रंगवलेल्या भिंती बघतच आपण मोठे झालो, तो भाग वेगळा. पतंजलीच्या जाहिरातींवरून इंडियन मेडिकल असोसिएशन २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टात गेली, आणि २०२४ मध्ये कंपनीला वर्तमानपत्रांत माफी छापावी लागली. म्हणजे कायद्याला दात आहेत, चावायला वेळ लागतो इतकंच.

अमेरिकेत उलटं आहे. चिठ्ठीवरच्या औषधाची नाव घेऊन थेट लोकांना जाहिरात करू देणारे देश म्हणून दोनच नावं घेतली जातात, अमेरिका आणि न्यूझीलंड. अमेरिकेत १९९७ मध्ये एफडीएने टीव्हीसाठी नियम सैल केले. आमची आत्या मुलाकडे सहा महिने डॅलसला राहून आली. ती सांगते, टीव्हीवर म्हातारा-म्हातारी बागेत कुत्रं फिरवत असतात, हसत असतात, आणि मागून एक माणूस भराभरा वाचत असतो: यकृत खराब होऊ शकतं, मृत्यू येऊ शकतो, डॉक्टरांना विचारा. आत्याला वाटलं सिनेमा आहे.

मला हसू आलं होतं. पण विचार केला तर त्या जाहिरातीत निदान औषधाचं नाव तरी असतं, धोके तरी वाचून दाखवतात. आपल्याकडे नावावर बंदी, म्हणून जाहिरात नाव सोडून लक्षणावर आली. थकवा, चक्कर, झोप, वजन. २०२५ मध्ये वजन कमी करणारी दोन इंजेक्शनं भारतात आली, मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही. तेव्हापासून ‘लठ्ठपणा हा आजार आहे, डॉक्टरांशी बोला’ असं सांगणाऱ्या पोस्ट माझ्या फीडमध्ये वाढल्यात. त्यातली कुठली कुणी पैसे देऊन टाकली आणि कुठली कुणी मनापासून लिहिली, हे नुसतं वाचून कळत नाही. वाक्य खरंच आहे. माझंही वाक्य खरंच होतं.

नियम करून हे थांबवता येईल का? २०१६ मध्ये गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने सुप्रीम कोर्टात मान्य केलं की गर्भलिंग तपासणीचे शब्द सर्च केले तर ते आपोआप ब्लॉक करतील. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या जमत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, मी याच धंद्यातला आहे. पण ‘थकवा’ हा शब्द कसा ब्लॉक करणार?

मी स्वतः आता एकच बघतो, मेसेजच्या खालचं बटण कुठं नेतं. पोलिओच्या जाहिरातीत अमिताभ बच्चन रागावून सांगायचे, तेव्हा माणूस पोराला घेऊन बूथवर जायचा आणि तिथं डोस फुकट मिळायचा. २०१६ मध्ये सरकारने औषधाच्या पट्टीवरच्या लाल रेघेची मोहीम काढली. डाव्या बाजूला उभी लाल रेघ असेल तर चिठ्ठीशिवाय घेऊ नका. त्यातही विकायला काही नव्हतं. ती मोहीम तुमच्यापैकी किती जणांना आठवते? तिला दुपारी तीनचं नोटिफिकेशन कोण पाठवणार?

तर आई. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तिचं डोकं मागून ठणकायला लागलं. उमरग्याच्या उपजिल्हा रुग्णालयात नेलं. सिस्टरने पट्टा बांधला: १८४ आणि खाली ११०. डॉक्टरांनी विचारलं, बीपीची गोळी चालू आहे ना? आई चार वर्षं ॲम्लोडिपीन घेते. ती म्हणाली, ‘महिना झाला बंद केली. रिपोर्टात हार्ट नॉर्मल आलंय की.’

डॉक्टर ओरडले नाहीत. ‘मावशी, रक्ताच्या रिपोर्टात बीपी दिसत नसतं,’ एवढंच म्हणाले.

मी शेजारी उभा. बीपी मोजायला एक पट्टा आणि पाच मिनिटं लागतात. सरकारी दवाखान्यात ते फुकट होतं आणि गोळीही तिथंच फुकट मिळते. रक्ताच्या बाटलीत बीपी येत नाही, म्हणून आमच्या पॅकेजमध्ये ते नव्हतं. आणि ॲम्लोडिपीन जुनी, स्वस्त गोळी. तिची जाहिरात कायद्याने मोकळी केली तरी कोण करेल?

पुण्याला गेल्यावर मी टीमला नवी ओळ दिली: ‘चालू गोळी बंद करू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात बीपी फुकट मोजून घ्या.’ मॅनेजर चांगला माणूस होता. त्याने विचारलं, ‘याच्याखाली बटण काय द्यायचं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी रिपोर्टच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नये अशी एक ओळ आली. आठ महिन्यांनी मी ती नोकरी सोडली. यासाठी सोडली असं म्हणायला आवडलं असतं, पण दुसरीकडे पगार जास्त मिळत होता.

आईला खरं सांगायला पुढची दिवाळी उजाडली. ती भाकरी थापत होती. ऐकून घेतलं, मग म्हणाली, ‘मग त्यात खोटं काय लिहिलास? थकवा तर होताच की.’

आता गोळीची पट्टी चहाच्या डब्याशेजारी असते, सकाळी पहिला चहा आणि गोळी. बीपी आटोक्यात आहे. ते मेसेज मात्र अजून येतात, तीनच्या ठोक्याला. काल म्हटलं, आण, बंद करून देतो. तर फोन मागं घेतला. ‘राहू दे,’ म्हणाली, ‘तुझं लिहिलेलं आहे ना.’

खालून हाक येतेय, चहा झालाय. भेटू पुढच्या एपिसोडला.