राष्ट्रपतिपद आणि परळचा मतदार



व्याख्यानमालेच्या चालकांनी हा विषय दिला तेव्हा आम्ही थोडे बिचकलो. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत आपल्याला मत नाही. ते आमदार-खासदारांचे. २०२२ साली महाराष्ट्रातील आमदाराच्या एका मताचे मूल्य १७५ होते, आणि तेही १९७१ च्या खानेसुमारीवरून काढलेले. म्हणजे आमच्या वाट्याला मताचा चुरासुद्धा येत नाही. पण मत नाही म्हणून परळच्या चाळीत कोणी गप्प बसल्याचे आम्ही पाहिलेले नाही.

आमचा जन्म १९७० चा. तरी १९६९ ची निवडणूक घरात इतक्या वेळा ऐकली की आपण तेथे हजर होतो असेच वाटते. आमची शाळा सातवीत सुटली, पुढचे वाचन युनियनच्या कचेरीतले. आज सांगणार ते आकडे मात्र पडताळून घेतलेले आहेत.

उमेदवार बरेच होते, खरे तिघेच. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. इंदिरा गांधींनी ‘अंतरात्म्याचा आवाज’ ऐकायला सांगून ज्यांना बळ दिले ते व्ही. व्ही. गिरी, आणि जनसंघ व स्वतंत्र पक्ष यांनी उभे केलेले चिंतामणराव देशमुख. रेड्डींविषयी आमच्या चाळीत कोणाला राग नव्हता, लोभही नव्हता. भांडण उरलेल्या दोघांवरून.

आमचे वडील गिरणीत साचेवाले, मूळचे महाडकडचे. देशमुखांचे जन्मगाव नाते तेथून हाकेच्या अंतरावर. १९५२ साली कुलाबा मतदारसंघाने देशमुखांना लोकसभेवर पाठवले, त्यात आमच्या आजोबांचे मत होते. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवायचे ठरले तेव्हा, १९५६ साली, या माणसाने अर्थमंत्रिपद सोडले. वडील म्हणत, “आपल्यासाठी एवढी मोठी खुर्ची कोणी सोडली, सांगा.”

शेजारच्या खोलीतले काका रेल्वेत फिटर. त्यांचे उत्तर तयार असे : गिरींनी. आणि ते खरेच होते. रेल्वे कामगारांच्या चळवळीत आयुष्य घातलेले, आयटकचे दोनदा अध्यक्ष झालेले गिरी दिल्लीत मजूरमंत्री असताना बँक कर्मचाऱ्यांच्या निवाड्यात सरकारने फेरफार केला, म्हणून त्यांनी १९५४ साली राजीनामा दिला होता.

आम्ही तीसेक वर्षे कामगारांत वावरतो. पुढारी पारखायचा तर त्याने काय मिळवले यापेक्षा काय सोडले ते पाहावे, असे आम्हांला जुन्या मंडळींनी शिकवले. पण येथे दोघांनीही सोडले होते! एकाने मुंबईसाठी, दुसऱ्याने पगारदारासाठी. आणि आमच्या चाळीतला माणूस मुंबईचाही होता, पगारदारही होता. त्याने स्वतःचे दोन तुकडे कसे करावे?

काका म्हणत, “नवरा चांगला हो, पण वऱ्हाडी पाहा.” स्वतंत्र पक्षाचा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाला उघड विरोध होता आणि १९ जुलै १९६९ चा चौदा बँकांचा वटहुकूम हंगामी राष्ट्रपती म्हणून गिरींच्याच सहीचा. यावर वडील विचारीत, “आणि १९५६ साली आयुर्विमा सरकारी झाला तेव्हा अर्थमंत्री कोण होते?” काका निरुत्तर. वऱ्हाड्यांवरून नवरा ओळखावा, हे एरवी आम्हांला पटते. देशमुखांच्या बाबतीत ते अपुरे पडते.

२० ऑगस्टला मोजणी झाली. पहिल्या पसंतीची मते : गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. निवडून यायला ४,१८,१६९ हवी होती. मग दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली. देशमुखांच्या मतदारांची दुसरी पसंती बहुतांशी रेड्डींकडे गेली, पण थोडी गिरींकडे वळली आणि गिरी ४,२०,०७७ वर पोचले. किरकोळ उमेदवारांची सगळी मते मिळूनही ते कमीच पडले असते. वडिलांनी हा हिशेब काकांना जन्मभर ऐकवला : “तुमचे गिरी आमच्या देशमुखांच्या मतांवर तरले.”

आम्हांला ही पसंतीची पद्धत हेवा वाटावा अशी वाटते. ती मतपत्रिका हाती असती तर आम्ही गिरींपुढे एक आणि देशमुखांपुढे दोन लिहिले असते. वडिलांनी उलट. आपल्या यंत्रावर एकच बटन दाबावे लागते आणि उरलेले अर्धे मन घरी परत आणावे लागते.

पुढच्याच वर्षी परळची परीक्षा खऱ्या मतपत्रिकेवर झाली. ५ जून १९७० ला आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांच्याविरुद्ध शिवसेनेचे वामनराव महाडिक १,६७९ मतांनी निवडून आले. त्या वेळी कोणाला मत दिले हे वडिलांनी सांगितले नाही, काकांनीही नाही. राष्ट्रपतीवरून गॅलरीत ओरडणारी माणसे या विषयावर आवाज खाली आणत.

मे १९७४ मध्ये रेल्वेचा संप झाला, वीस दिवसांत मोडला. राष्ट्रपती तेव्हाही गिरीच होते. काका घरी बसून होते. आई सांगे, वडील चहा घेऊन त्यांच्याकडे गेले आणि गिरींचे नाव त्यांनी काढले नाही. शेवटी काकाच म्हणाले, “देशमुख असते तरी संप मोडलाच असता.”

“मोडलाच असता,” वडील म्हणाले. “पण मग तो तुम्ही माझ्या नावावर मांडला असता.”