गाठ ज्याची त्याची

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या सभागृहात झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा लेखी पाठ)



सेक्रेटरींनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, ‘गाठी’. ते जरा चपापले. म्हणाले, “डॉक्टर, रौप्यमहोत्सव आहे, काहीतरी आनंदाचं बोला की!” मी त्यांना सांगितलं, की पंचवीस वर्षांत या सोसायटीत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच आहे. आणि तोही कुठे? लिफ्टमध्ये. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार बंद होतं, शेजारचे गृहस्थ शर्टाची बाही वर करतात आणि म्हणतात, “डॉक्टर, जरा हे बघता का?” तळमजला येईपर्यंत निदान झालेलं हवं! पार्किंगमध्ये, गच्चीवर कोजागरीला, अगदी गणपतीच्या आरतीच्या रांगेतसुद्धा मी गाठी तपासल्या आहेत. तेव्हा आज एकदाच सगळ्यांना मिळून सांगतो.

या लिफ्टमधल्या गाठींपैकी बहुतेक चरबीच्या असतात. डॉक्टरी भाषेत त्यांना लायपोमा म्हणतात. आयुर्वेदातही ‘मेदोज ग्रंथी’ असं नाव आहे. म्हणजे हे काही आजचं, हॉटेलच्या खाण्यामुळे आलेलं दुखणं नव्हे. आपल्या कातडीखाली चरबीचा एक थर असतो. त्यातल्या काही पेशी एका जागी जास्त वाढतात, त्यांच्याभोवती एक पातळ पापुद्रा तयार होतो आणि गाठ लागते. साधारण शंभरातल्या एका माणसाला ती असते. बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यान ध्यानात येते. मान, खांदा, पाठ, दंड, मांडी या तिच्या आवडत्या जागा.

ती ओळखायची कशी? बोटाने दाबलं तर मऊ लागते, मळलेल्या कणकेसारखी. कडेला बोट लावून ढकललं की सटकते. वरची कातडी अगदी नेहमीसारखी असते. सहसा दुखत नाही. वर्षानुवर्षं तेवढीच राहते किंवा अगदी हळू वाढते.

ती का होते, याचं पूर्ण उत्तर अजून कोणाकडे नाही. काही घराण्यांत ती वारशाने येते. वडिलांच्या हातावर पाच-सहा असतात, मग मुलाच्या हातावरही येतात. पण एक गैरसमज मात्र काढून टाका. चरबीची गाठ म्हणजे लठ्ठपणा नव्हे. सडपातळ माणसालाही ती होते. वजन उतरवल्याने ती विरघळत नाही. उलट आजूबाजूची चरबी कमी झाली की गाठ जास्त उठून दिसते. आपल्या ‘बी’ विंगमधले एक गृहस्थ सहा महिने रोज पहाटे मैदानाला फेऱ्या मारून माझ्याकडे आले आणि म्हणाले, “डॉक्टर, पोट गेलं, पण गाठ मोठी झाली!” मोठी झाली नव्हती, दिसायला लागली होती.

दुसरी गोष्ट घरगुती उपायांची. तेल चोळून, शेकून, चुना लावून ही गाठ जात नाही. बिब्बा तर मुळीच लावू नका. गाठ जागच्या जागी राहते आणि वरची कातडी भाजून निघते. अशा भाजलेल्या जखमा मी माझ्या हाताने बांधल्या आहेत. तोंडाने घ्यायच्या गोळीनेही ती विरघळत नाही.

मग उपाय काय? बहुतेक वेळा काहीच नाही! निदान पक्कं असेल आणि त्रास नसेल तर तिला तिच्या जागी राहू द्यावं. काढायची ती केव्हा? पर्सचा पट्टा नेमका तिच्यावर येतो, खुर्चीला टेकलं की टोचते, वाढत चालली आहे, दुखते आहे किंवा दिसायला नको वाटते, तेव्हा. दिसायला नको वाटणं हेही कारण आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लहान गाठ असेल तर तेवढाच भाग इंजेक्शनने बधिर करतात, छोटा छेद घेतात आणि खालून दाबलं की पिवळीधमक गाठ फणसाच्या गऱ्यासारखी बाहेर येते. रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. आठ-दहा दिवसांनी, पाठीवर असेल तर आणखी थोड्या उशिराने टाके काढतात. व्रण राहतो, कधी आत थोडं पाणी किंवा रक्त साचतं, हेही आधी माहीत असावं. पूर्ण निघालेली गाठ पुन्हा त्याच जागी येणं हे क्वचितच. “एक काढली की दहा उगवतात” असं म्हणतात, ते खरं नाही. ज्यांच्या अंगावर मुळातच अनेक गाठी येणार असतात त्यांना दुसरीकडे नवीन येतात, त्याचा दोष ऑपरेशनवर जातो. काढलेली गाठ मात्र तपासणीला पाठवल्याशिवाय राहू नका. “साधीच दिसतेय, टाकून देऊ” असं कोणी म्हणालं, तरी आपण आग्रह धरावा.

इथपर्यंत सगळं आनंदाचं झालं. आता जे सांगणार आहे, त्यासाठीच खरं तर मी हा विषय घेतला.

माझा थोरला भाऊ साताऱ्याला असे. त्याच्या दोन्ही हातांवर आणि मांड्यांवर मिळून सात-आठ चरबीच्या गाठी होत्या. एका दिवाळीत सगळे जमलो असताना त्याने विचारलं. मी फराळाचं ताट बाजूला ठेवून गाठी तपासल्या आणि सर्वांदेखत म्हणालो, “काही नाही रे. आपल्या घराण्यात आहेत या. मलाही दोन आहेत. जन्मभर सोबत करतील, त्रास देणार नाहीत.” ते निदान बरोबर होतं. भावाला त्या गाठींनी शेवटपर्यंत काही केलं नाही.

पण माझं वाक्य आणखी कोणीतरी ऐकलं होतं. पुढच्या वर्षी वहिनींना छातीत वाटाण्याएवढी गाठ लागली. दुखत नव्हती. त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. मला कळलं ते जवळजवळ वर्षाने. मी काही कामाने साताऱ्याला गेलो होतो. चहा देताना भाऊ बाहेर गेलेला पाहून त्या हळूच म्हणाल्या, “भाऊजी, मलाही एक आलीय हो, यांच्यासारखीच. जरा मोठी झालीय.” मी तपासलं. ती मऊ नव्हती. सटकत नव्हती. काखेतही गाठी लागत होत्या.

ऑपरेशन झालं, केमोथेरपी झाली. वहिनी त्यानंतर चार वर्षं होत्या. एकदा न राहवून मी विचारलं, “वहिनी, मी सर्जन असून तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?” त्यांनी साधेपणाने उत्तर दिलं, “तुम्हीच म्हणाला होतात ना भाऊजी, आपल्या घराण्यात चरबीच्या गाठी असतात म्हणून!”

मंडळी, वहिनी लग्नाने आमच्या घरात आल्या होत्या. माझ्या भावाच्या रक्तातला वारसा त्यांच्या अंगात येण्याचा प्रश्नच नव्हता. पण तीस वर्षं संसार केल्यावर ‘आपलं घराणं’ म्हणताना असा विचार कोण करतो? मी ‘काही नाही’ म्हणालो ते भावाच्या गाठींबद्दल. त्यांनी ते स्वतःच्या गाठीला लावलं. तेव्हा त्याच खोलीत मी आणखी एक वाक्य बोलायला हवं होतं, “पण दुसऱ्या कोणाला गाठ लागली तर ती मला वेगळी दाखवा.” ते बोललो नाही. आज बोलतोय.

आपली सोसायटी चांगली आहे. इथे विरजण शेजारून मिळतं, पाहुणे आले तर गादी मिळते, सिलेंडरसुद्धा मिळतो. निदान तेवढं शेजारून घेऊ नका. “त्यांना पण अशीच होती, काही झालं नाही” हे शेजारणीचं वाक्य प्रेमाचं असतं, पण ते तिच्या नवऱ्याच्या गाठीबद्दलचं असतं. गाठ ज्याची त्याची.

म्हणून पाच बोटांवर पाच गोष्टी लक्षात ठेवा. एक, पाच सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोन इंचांपेक्षा मोठी गाठ. दोन, भराभर वाढणारी. तीन, टणक किंवा आत चिकटून बसलेली, न हलणारी. चार, दुखणारी. पाच, एकदा काढून पुन्हा त्याच जागी आलेली. यांपैकी एक जरी असेल तरी लगेच दाखवा. चरबीच्या पेशींचा कॅन्सर असतो, तो दुर्मीळ आहे. पण दुर्मीळ म्हणजे नाहीच असं नव्हे.

आणि काही जागा अशा आहेत, की तिथली गाठ मऊ असो वा टणक, घरी ठरवायचंच नाही. स्तनात, काखेत, मानेत, जांघेत. मानेतली गाठ थायरॉइडची असू शकते, टीबीची असू शकते. जांघेतली, खोकल्यावर फुगणारी आणि आडवं झाल्यावर आत जाणारी गाठ बहुधा हर्नियाची असते. मधोमध काळा ठिपका असलेली गाठ चरबीची नसून वेगळी असते. ती पिळत बसू नका, पिकते. आणि तान्ह्या बाळाच्या कमरेवर अगदी मध्यावर मऊ फुगवटा दिसला, तर मालिशवाल्या बाईंना दाखवू नका, डॉक्टरांना दाखवा. त्याचा संबंध कधीकधी मज्जारज्जूशी असतो.

दाखवल्यावर काय होतं? बहुतेक वेळा डॉक्टर फक्त हाताने तपासतात. शंका वाटली तर सोनोग्राफी करतात, कधी सुईची तपासणी, खोलवरची गाठ असेल तर एमआरआय. “सुई टोचली की साधी गाठ कॅन्सरची होते” या भीतीने अनेक जण तपासणी टाळतात. तसं होत नाही. टाळण्यात गेलेला वेळ मात्र परत मिळत नाही.

तेव्हा माझी विनंती एवढीच. घाबरू नका, कारण दहांतल्या नऊ जणांना मी लिफ्टमधून हसतच बाहेर सोडलं आहे. आणि लपवूही नका. विशेषतः घरातल्या बायकांना सांगतो. सगळ्यांची औषधं तुम्हाला तोंडपाठ असतात, स्वतःचं दुखणं मात्र चहा देताना, तेही कोणी नसताना सांगता. पुरुषांनाही सांगतो, आज घरी गेल्यावर एकदा विचारा.

मी आता ऑपरेशन करत नाही, पण हात अजून शाबूत आहेत. माझं दार तुम्हाला माहीत आहे. लिफ्टमध्ये मात्र नको. घरी या, खिडकीपाशी उजेडात नीट बघू, आणि चहा मी करीन.