एका कुत्र्याचे चार आजार



किमान वेतन, कंत्राटी पद्धत, बंद पडलेल्या गिरण्या यांवर आम्ही गेली तीस वर्षे गेटसभांतून बोलत आलो आहोत. व्याख्यानमालेच्या चालकांचीही यंदा तीच अपेक्षा होती. आम्ही कुत्र्याच्या कुशिंग रोगावर बोलणार म्हणून कळवले, तेव्हा त्यांचे उलट पत्र आले की विषय नीट वाचता आला नाही, कृपया पुन्हा कळवावा. आम्ही तोच विषय ठळक अक्षरांत लिहून धाडला. त्यांनी तो छापला याबद्दल त्यांचे आभार.

आम्ही डॉक्टर नाही. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. जे पुढे आले ते कोशाच्या आधाराने पुस्तके वाचून, आणि अमरावती-अकोल्याच्या पशुवैद्यांना प्रश्न विचारून विचारून. तेव्हा औषधाची मात्रा आम्ही आज सांगणार नाही. एका देहात चार आजार एकत्र नांदत असले म्हणजे घरच्या माणसाने काय पाहावे आणि काय विचारावे, तेवढेच सांगू.

मूत्रपिंडांना लागून दोन लहान ग्रंथी असतात. त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. त्यांतून कॉर्टिसॉल नावाचा रस रक्तात जातो. संकट आले, उपास पडला, ताप आला की देहाला तगवून धरणारा हा रस. तो किती काढावा याचे हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीकडून सुटतात. आमच्या भाषेत सांगायचे तर पोष ग्रंथी ही कचेरी आणि अधिवृक्क हा कारखाना. माल पुरेसा झाला की कचेरीने हुकूम थांबवावा अशी रीत आहे. कुशिंग रोगात कचेरीत एक गाठ होते, बहुधा अगदी बारीक, आणि तिला 'पुरे' हा शब्द ऐकूच येत नाही. कारखाना रात्रंदिवस चालू! शंभरांतल्या ऐंशी-पंच्याऐंशी कुत्र्यांत रोगाचे मूळ असे मेंदूत असते. उरलेल्यांत कारखान्यातच गाठ होते आणि तो हुकुमावाचून चालतो.

रोगाला नाव मिळाले ते हार्वे कुशिंग या अमेरिकन मेंदू-शस्त्रवैद्यामुळे. १९३२ साली त्याने माणसांतल्या या विकाराचा संबंध पोष ग्रंथीच्या गाठीशी जोडून दाखवला. त्याच्या बरीच वर्षे आधी, १९१० च्या सुमारास, पोष ग्रंथी काढली तर काय होते हे त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिले होते. १९२१ साली टोरांटोला इन्सुलिनचा शोध लागला तोही कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून. माणसात हा रोग फार विरळा; कुत्र्यांत तो नित्याचा म्हणावा इतका आढळतो. ज्यांच्या देहांवर आपण ही विद्या शिकलो, त्यांच्याच आजारावर बोलायला पाऊण तास दिला तर बिघडले कुठे?

आता लक्षणे. कुत्रे आठ-दहा वर्षांचे झालेले असते. ते फार पाणी पिते, फार मुतते, रात्री घरात करते. भूक एवढी वाढते की ताटातले ओढून नेते. पोट सुटते, पाय मात्र काटकुळे होतात. दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ होतात, कातडी कागदासारखी पातळ होते, आणि सावलीत बसूनही ते धापा टाकते. यांतले एकेक लक्षण पाहिले तर म्हातारपणाच्या खात्यावर सहज खपून जाते. आमच्या कचेरीतल्या मोत्याचे असेच झाले. एक जुने सभासद म्हणाले, "भाऊ, कुत्रं म्हातारं झालं, आता त्याले डाक्टरापाशी कायले नेता?" या प्रश्नात दुष्टपणा नव्हता. ज्या घरात आईचा मोतीबिंदू पैशासाठी दोन वर्षे लांबलेला असतो, त्या घरातून आलेला तो प्रश्न होता, आणि त्याला उत्तर देणे आम्हांला भाग होते. युनियनच्या निधीतला एक पैसाही कुत्र्यावर खर्च होणार नाही असे ठरले. टेबलावर निराळा डबा ठेवला. ज्याला वाटेल त्याने टाकावे. तो डबा कधी रिकामा राहिला नाही, आणि पहिली नोट त्याच सभासदाची होती.

आपल्या वऱ्हाडात पहिली अडचण उन्हाची. अकोल्याचा मे महिना पंचेचाळीस अंशांना शिवतो. त्या दिवसांत कोणते कुत्रे पाणी पीत नाही आणि कोणते धापत नाही? म्हणून अंदाजावर न राहता मोजावे. चोवीस तासांत दर किलो वजनामागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी जात असेल तर ते फाजील समजतात. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला एक लिटर. सकाळी मापून पाणी ठेवा, दुसऱ्या सकाळी उरलेले मोजा, असे तीन दिवस करा. उन्हाळ्यात आणखी एक तसेच भांडे कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी भरून ठेवा. त्यातले जेवढे कमी होईल तेवढे उन्हाने प्याले. मोत्याचे वजन बारा किलो, आणि पाणी निघाले रोज पावणेदोन लिटर. तथापि एवढ्याने कुशिंग सिद्ध होत नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, मूत्रमार्गातला जंतुदोष यांतही असेच पाणी जाते.

दुसरी अडचण गोचिडांची. त्यांच्या चावण्यातून एर्लिकिया नावाचा जंतू रक्तात शिरतो, ताप येतो, रक्त गोठवणाऱ्या कणिका कमी होतात. मोत्याच्या रक्तात हा दोष निघाला. आमचे तरुण कार्यकर्ते म्हणाले, सगळ्या तपासण्या आजच करून टाकू. पशुवैद्यांनी नकार दिला, आणि त्या नकारातच आम्हांला या सबंध विषयाची किल्ली सापडली. कुशिंगच्या तपासणीत सकाळी रक्त घेतात, डेक्सामेथासोन या औषधाची अगदी अल्प मात्रा टोचतात, आणि चार व आठ तासांनी पुन्हा रक्त घेतात. निरोगी कुत्र्यात कॉर्टिसॉल खाली बसते, रोग्यात बसत नाही. परंतु दुसऱ्या एखाद्या मोठ्या आजाराने देह शिणलेला असेल तर कुशिंग नसतानाही ते खाली बसत नाही, आणि तपासणी खोटी साक्ष देते. म्हणून आधी गोचीडतापाचे अठ्ठावीस दिवसांचे औषध पुरे केले. ताप गेला, अंगात तरतरी आली, पाण्याचा आकडा मात्र हलला नाही. तेव्हा तपासणीला मोत्याला अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत घेऊन गेलो.

अमरावती-अकोला हा तोच रस्ता, ज्याच्या एका पट्ट्याचे ७५ किलोमीटर डांबरीकरण जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत अखंड करून गिनेस बुकात विक्रम नोंदवला गेला. विक्रमाच्या पाटीवर त्या शेकडो मजुरांची नावे असती तर आम्हांला अधिक आनंद झाला असता. असो.

कुशिंग निघाला. सोबत मूत्रातून प्रथिने जात असल्याचेही निघाले. म्हणजे मूत्रपिंडे कुरकुरू लागली होती. मागच्या पायांचे सांधे आधीपासून झिजलेले होतेच. हे झाले चार आजार. आणि इथे प्रत्येक आजाराचे औषध दुसऱ्या आजाराशी भांडते.

औषधांची कथाही मोठी गमतीची आहे. डीडीटीच्या भावंडांपैकी डीडीडी नावाचे एक कीटकनाशक होते. ते खाऊ घातलेल्या कुत्र्यांच्या अधिवृक्क ग्रंथी झडून जातात, असे १९४९ साली अमेरिकेत दिसून आले. त्यातूनच मायटोटेन हे औषध निघाले. ते कारखान्याचा काही भाग कायमचा पाडते. आज अधिक वापरात आहे ते ट्रायलोस्टेन. ते मूळ माणसांसाठी होते, कुत्र्यांसाठी अमेरिकेत त्याला २००८ मध्ये मान्यता मिळाली. ते कारखाना पाडत नाही, यंत्राचा वेग काही तासांपुरता उतरवते. म्हणून ते रोज द्यावे लागते, आणि जेवणाबरोबरच. गरोदर स्त्रीने या गोळीला हात लावू नये. मुळात रोग बरा होत नाही, आवरला जातो.

ज्याची मूत्रपिंडे वा यकृत थकलेले आहे त्याला हे औषध फार जपून. मूत्रातली प्रथिने थांबवायला एनालाप्रिलच्या जातीची औषधे देतात; पण त्यांनीही रक्तातले पोटॅशियम वाढते आणि ट्रायलोस्टेननेही वाढू शकते. दोन्ही एकाच दिवशी सुरू केली आणि कुत्रे कोसळले, तर दोष कोणाला द्यायचा? पशुवैद्यांनी एकच औषध धरले, तेही थोड्या मात्रेत, आणि बाराव्या दिवशी रक्त पाहिले. दुसरे औषध महिन्याने. पंधरा मागण्यांचे निवेदन एका दिवसात सोडवायला निघालेल्या युनियनची काय गत होते हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे, म्हणून ही चाल आम्हांला तात्काळ पटली.

तिसऱ्या आठवड्यात पाणी सव्वा लिटरवर आले. रात्रीचे मुतणे थांबले. आणि मोत्या जिना चढेना! डब्यात पैसे टाकणाऱ्यांत कुरबुर सुरू झाली की औषधाने कुत्रा लंगडा केला. खरी गोष्ट निराळी होती. कॉर्टिसॉल हे देहातले स्वतःचे स्टेरॉइड. ते भरमसाट होते तोवर सांध्यांची सूज आणि दुखणे दडपून ठेवत होते. ते उतरले तसे जुने दुखणे बोलू लागले. कातडीच्या जुन्या खाजेचेही असेच होते. रोग हटतो तेव्हा दुसरा डोके वर काढतो, आणि माणूस उपचार सोडून देतो. सांधेदुखीच्या नेहमीच्या गोळ्या मूत्रपिंडांना भारी, म्हणून त्या टाळल्या. वेदनेचे दुसरे औषध दिले, कचेरीच्या गुळगुळीत फरशीवर गोणपाट अंथरले, आणि भजी देणाऱ्यांना दंड लावला. वजन दीड किलो उतरले तेव्हा मोत्या जिना चढला. आपल्या घरातली आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल कुत्र्याला कधीही देऊ नका. त्याने कुत्री मेली आहेत.

मधुमेह असलेल्या कुत्र्याची गोष्ट आणखी नाजूक. अकोल्याच्या एका निवृत्त जिनिंग कामगाराकडे पांढरा स्पिट्झ आहे, ज्याला आपण सर्रास पॉमेरेनियन म्हणतो. कॉर्टिसॉल इन्सुलिनला जुमानत नाही, म्हणून त्याची इन्सुलिनची मात्रा वाढत वाढत गेली होती. कुशिंगचे औषध लागू पडले की तीच मात्रा जास्त होते आणि साखर घसरते. कुत्रे झोकांड्या खाते, थरथरते, झटके येतात. त्या माउलीने गुळाचे पाणी हिरड्यांना चोळले आणि तडक दवाखाना गाठला, म्हणून तो वाचला. पशुवैद्यांनी ही शक्यता आधीच सांगून ठेवली होती, म्हणून तिला ते सुचले.

एक नियम मात्र सगळ्यांना सारखा आहे. कुत्र्याने जेवण नाकारले, उलटी वा हगवण झाली, अंग टाकले, तर ट्रायलोस्टेनची पुढली गोळी द्यायची नाही आणि त्याच दिवशी पशुवैद्य गाठायचा. कॉर्टिसॉल फार उतरल्याची ती खूण असू शकते, आणि त्यात जीव जातो. कुशिंगचे कुत्रे खादाड असते. ते अन्नाला पाठ फिरवते हीच धोक्याची घंटा.

स्टेरॉइडच्या सुयांविषयी बोलल्यावाचून आम्हांला पुढे जाता येत नाही. कुत्रे खाजवते, कोणीतरी सुई देतो, खाज जाते, महिन्याने पुन्हा सुई. वर्षभर असे चालले की सुईनेच कुशिंगची सगळी लक्षणे उभी राहतात, आणि देहातला कारखाना काम नसल्याने निजून जातो. त्या कुत्र्याला ट्रायलोस्टेन देणे घातक, आणि स्टेरॉइड एकाएकी बंद करणेही घातक. ते पायरीपायरीने उतरवावे लागते. म्हणून कुत्र्याला टोचलेल्या प्रत्येक औषधाचे नाव कागदावर मागून घ्या. वेतनचिठ्ठी मागायला आम्ही कामगाराला शिकवतो, तसेच हे.

उपचार करावाच का, हा प्रश्न सभासदाने विचारला तो रास्त होता. रक्तातला आकडा वाढला आहे पण कुत्रे सुखात आहे, तर नुसत्या आकड्यासाठी हे औषध सुरू करू नये, असेच जाणते सांगतात. उपचार झालेली कुत्री पुष्कळदा दोनेक वर्षे जगतात. त्याहून अधिक नाही याचे मोठे कारण ती मुळात वृद्ध असतात. औषध वजनावर चालते, त्यामुळे लॅब्राडोरचा खर्च स्पिट्झच्या कितीतरी पट. ज्याला तो झेपत नाही त्याने पाणी न तोडता, रात्री एकदा बाहेर नेऊन, कातडी व मूत्रमार्गाचा जंतुदोष सांभाळून कुत्र्याला निभावून नेले, तर त्याला कोणी निर्दय म्हणू नये. पाणी तोडणे मात्र निर्दयपणाच आहे. घर ओले होते म्हणून भांडे उचलून ठेवणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

मोत्या औषध सुरू झाल्यावर एक वर्ष दहा महिने जगला. अखेरीस मूत्रपिंडांनी दगा दिला. चार दिवस सलाइन झाले, तो उठेना, आणि पशुवैद्यांनी आम्हांला बाजूला घेऊन विचारले. कचेरीत सतरा माणसे जमली होती. कोणीतरी म्हणाले, मत घ्या. आम्ही मत घेतले नाही. जो पोऱ्या रोज त्याला गोळी देत होता, त्याला विचारले. त्याने मान हलवली, आणि सुई देताना डोके मांडीवर तोच घेऊन बसला.

मोत्याची वही आम्ही बरोबर आणली आहे. डावीकडे तारीख, मग पाणी, जेवण, गोळी किती वाजता, रात्री किती वेळा बाहेर, जिना चढला की नाही, आणि शेवटच्या रकान्यात वजन, आठवड्यातून एकदा. ज्यांच्या घरी वृद्ध कुत्रे असेल त्यांनी जाताना टेबलाशी येऊन रकाने उतरून घ्यावेत. वही मात्र कृपा करून घरी नेऊ नये, ती त्या पोऱ्याची आहे.