आवाज कुठवर जातो?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



"तू कॉम्प्युटरवर नक्की करतेस तरी काय?" असं सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. पोटापाण्याचं सॉफ्टवेअर बाजूला ठेवते. सुट्टीच्या दिवशी करते ते सांगते. गाड्यांचा आवाज डोंगरात कुठवर पोचतो, याचं गणित मांडते.

नकाशाचे ३०-३० मीटरचे चौकोन पाडायचे, प्रत्येकाची उंची भरायची. मग विचारायचं: रस्ता किती दूर, मध्ये डोंगर आहे का, जमीन कशी, वारा कुठला? एकट्या गाडीचा आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने उतरतो. गाड्यांची रांग असेल तर फक्त ३ने. म्हणजे १५ मीटरवर ७० डेसिबल धरले, तर २४० मीटरवर एकटी गाडी ४६वर येते, रांग मात्र ५८वर. शाळेभोवतीच्या शांतता क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५० आहे, हे सरांना ठाऊक असेलच.

हवाही खेळ करते. माझ्या सासरी, सांगलीत, थंडीच्या पहाटे लांबचा उसाचा ट्रॅक्टर दारात आल्यासारखा वाटतो. जमिनीलगत गार हवा आणि वर उबदार, त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून खाली येतो. आपल्या साताऱ्यात डोंगराची सोंड आड आली की तोच आवाज बराच अडतो.

कास पठारावर मात्र अशी आड फारशी नाही. मोकळं माळरान, खाली जांभा. कडक कातळ आवाज फारसा शोषत नाही. २०१२मध्ये हे पठार जागतिक वारसा यादीत गेलं आणि फुलांच्या दिवसांत गाड्यांची रीघ लागू लागली. पावसाळ्यात नर बेडूक मादीला हाक मारतो, ती हाक तिला ऐकू गेली नाही तर पुढची पिढी कुठून येणार? फुलं तुडवू नका अशी पाटी लावता येते. आवाजाने काय तुडवलं ते दिसत नाही.

उद्या आपण कासला निघतोय. यादीत १६ गाड्या आहेत. दाटीवाटीने बसलो तर ४ पुरतील. गाड्या निम्म्या झाल्या की ३ डेसिबल कमी, म्हणजे एकूण ६. यवतेश्वरच्या घाटात वळणावर हॉर्न हवाच, पठारावर नको. डबे आणि गप्पा ४ गाड्यांतही मावतील.