शिबिरं पुरे झाली, पाठपुराव्याचं बोला



साहित्याच्या मंडपात कॅन्सर कशाला, अशी कुजबुज काल रात्रीपासून चालू आहे. ती करणाऱ्यांना थेट उत्तर देते. आपल्या ग्रामीण कथा-कादंबऱ्यांत आई फार मरते. कसल्याशा दुखण्यानं अंथरूण धरते आणि दोन पानांत जाते. तिच्या अंगावरून किती महिने रक्त जात होतं, तिनं ते कुणाला सांगितलं, तालुक्याच्या डॉक्टरनं तिला तपासलं की नुसत्या गोळ्या देऊन वाटेला लावलं, हे लिहायला आपली लेखणी लाजली. तिच्या मरणावर आपण पुरस्कार घेतले. म्हणून हा विषय इथंच निघणार.

बार्शी इथून लांब नाही. 1987 साली तिथं देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली 346 गावं तिच्यात होती. शहरात अशी नोंदणी दवाखान्यांच्या कागदांवरून होते. इथं खेड्यातली बाई दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हती, मग कागद कुठून येणार? डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसं गावात पाठवली. ती पारावर बसली, ओसरीवर बसली, कुणाच्या तोंडात न भरणारी जखम आहे, कुणाला पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जातंय, हे विचारत राहिली आणि संशय आला की त्या माणसाला दवाखान्याची वाट दाखवत राहिली. नोंदणी आणि सोबत अशी दोन्ही कामं एकाच माणसानं केली. ही गोष्ट लक्षात ठेवा, माझं पुढचं सगळं बोलणं तिच्यावरच उभं आहे.

त्यानंतर शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, 1999 पासून एक मोठा अभ्यास झाला. बार्शीचं रुग्णालय, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था एकत्र आली. 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून जास्त निरोगी बायका त्यात होत्या. एका गटाची गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी झाली, आयुष्यात एकदाच, आणि जिच्यात दोष दिसला तिच्यावर उपचार झाले. एका गटाची अशी तपासणी झालीच नाही. निकाल 2009 मध्ये जगापुढे आला. एचपीव्ही गटातल्या 34,126 बायकांपैकी 34 जणी या कॅन्सरनं गेल्या. तपासणीविना राहिलेल्या 31,488 बायकांपैकी 64 जणी गेल्या. मरण निम्म्यावर आलं, तेही एका तपासणीत.

त्या 64 जणी याच मातीतल्या होत्या. तपासणी न झालेला गट ठेवणं योग्य होतं का, यावर जगभर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण मला त्याहून मोठा राग दुसऱ्या गोष्टीचा येतो. एवढी किंमत मोजून पुरावा हाती आला. जागतिक आरोग्य संघटना आज एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती देते. आणि आपल्याकडे? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या बायकांना विचारलं, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी कधी झाली होती का? देशात शंभरातल्या दोघीही हो म्हणाल्या नाहीत. पुरावा आमच्या बायकांनी दिला, त्याचा उपयोग श्रीमंत देशांतल्या बायकांना झाला. हा अन्याय आहे आणि मी त्याला दुसरं कुठलंही सौम्य नाव देणार नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: बायका अडाणी आहेत, लाजतात, येत नाहीत. खोटं आहे! त्या एचपीव्ही गटातल्या पाचांपैकी जवळपास चौघी तपासणीला आल्या होत्या. गावात जाऊन, नाव घेऊन, वेळ सांगून बोलावलं, आडोसा दिला, तपासायला बाई होती, म्हणून आल्या. तुम्ही बोलावलंच नाही आणि वर त्यांच्या अज्ञानावर भाषणं ठोकता.

आणि भीती तर त्यांना पुरेपूर आहे. त्या भीतीचा धंदा झाला. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी शासनाच्या समितीनं 2019 मध्ये केली. 82 हजारांवर बायकांपैकी 13 हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. कॅन्सर होईल म्हणून काढा, असं सांगितल्याचं कितीतरी जणींनी स्वतः सांगितलं. साधी तपासणी करायला कुणी नव्हतं, पिशवी कापायला मात्र टेबल तयार होतं. मुकादमाची उचल अंगावर घेऊन पोरींनी बिलं भरली, आणि तिशीतच कंबर धरून पुन्हा फडात उतरल्या.

आता शिबिरांकडे येते. साहेबांचा वाढदिवस आला की मंडप पडतो, फीत कापली जाते, दीडशे बायका रांगेत उभ्या राहतात. एखादीच्या छातीत गाठ लागते. तिच्या हातात चिठ्ठी देतात, ‘पुढं दाखवा’. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. ती चिठ्ठी घेऊन ती बाई कुठं गेली, हे त्या साहेबांना ठाऊक नसतं, डॉक्टरांनाही नसतं आणि आपल्यालाही नसतं. विषमता या चिठ्ठीपासून सुरू होते. ज्याच्या घरी गाडी आणि पुण्यात पाहुणा आहे तो आठवड्यात तुकडा तपासून घेतो. जिचं हातावर पोट आहे ती चिठ्ठी पत्र्याच्या पेटीत ठेवते आणि सुगी संपायची वाट बघते.

महात्मा फुले योजनेत उपचाराचा खर्च निघतो, हे मी नाकारत नाही. 2023 पासून बाईला एसटीचं तिकीट अर्धं झालं, तेही बरं झालं. पण शेकाची, म्हणजे रेडिएशनची, मशीन आठवड्याचे पाच दिवस, पाच-सहा आठवडे चालते. तेवढे दिवस ती राहणार कुठं, सोबत कोण राहणार, बुडालेला रोज कोण देणार, म्हशीची धार कोण काढणार? शेक मध्येच सोडला की आधीचा उपचार वाया जातो. योजनेच्या कागदावर म्हशीचा रकाना नाही.

तो रकाना भरायची ताकद या जिल्ह्यात आहे, आणि ती याच मंडपात पुढच्या खुर्च्यांवर बसली आहे. साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था, देवस्थानं, बचत गट. गाडगेबाबांच्या मिशनची दादरची धर्मशाळा टाटाला आलेल्या गरीब रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. बाबांनी देवळं बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. आपल्या देवस्थानांनी कळस सोन्याचे केले, आता सोलापुरात आणि मुंबईत दहा-दहा खोल्या घ्याव्यात. कारखान्यांनो, तुमच्या फडात कोयता चालवणाऱ्या प्रत्येक बाईची हंगाम सुरू होण्याआधी तपासणी झाली पाहिजे, आणि तिचा त्या दिवसाचा रोज कापता कामा नये. धर्मादाय रुग्णालयांनो, निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी 10 टक्के खाटा राखून ठेवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, ते काही तुमचं औदार्य नाही. रिकाम्या खाटांची संख्या दारावर लिहा. आणि डॉक्टरांनो, रिपोर्ट मुलाला बाजूला घेऊन सांगू नका. ज्या बाईचं शरीर आहे तिला सांगा, तिच्या बोलीत सांगा.

आशाताईंवर आणखी एक वही लादायला माझा विरोध आहे. त्यांच्या पाठीवर आधीच शासनाच्या सगळ्या वह्या आहेत. प्रत्येक गावात बचत गटातली एक बाई मानधन देऊन नेमा. संशयित निघालेल्या बाईसोबत तिनं तुकडा तपासायला जायचं, रिपोर्ट आणायचा, शेक पूर्ण होईपर्यंत पाठ सोडायची नाही. बार्शीच्या माणसांनी याचीच सुरुवात करून दिली होती.

ठराव समितीकडे मी लेखी ठराव दिला आहे. या तालुक्यात पाठपुराव्याविना एकही कॅन्सर शिबिर होऊ नये, घेतलंच तर संशयित निघालेल्या प्रत्येकीचा उपचार कुठवर आला याचा हिशेब सहा महिन्यांनी ग्रामसभेत मांडावा, आणि या संमेलनाच्या शिलकी निधीतून पहिल्या पाच गावांतल्या सोबत करणाऱ्या बायकांचं वर्षाचं मानधन द्यावं. स्मरणिकेला पैसे कमी पडतील, असं काही जण मला सांगून गेले. पडू द्या. उद्या दुपारी खुल्या अधिवेशनात ठराव मतदानाला येईल. ज्यांचा विरोध आहे त्यांनी मंडपातल्या आयाबायांसमोर उभं राहून आपल्या नावानिशी तो नोंदवावा.