पगारपत्रकातील गाळलेला रकाना

(कोपर येथील सभेत केलेले भाषण)



सभा सहाला सुरू व्हावयाची होती, ती साडेसातला होत आहे, म्हणून संयोजकांनी आपली क्षमा मागितली. तिची गरज नव्हती. कामाच्या दिवशी कोपरमधील सभेची वेळ संयोजक ठरवीत नाहीत, लोकलगाडी ठरविते. खालून कल्याण-मुंबईची गाडी, वरून वसई-दिव्याची गाडी, आणि त्यांच्यामध्ये जिने चढणारी-उतरणारी माणसे, असे हे आपले स्थानक. येथे राहावयास आलेल्या बहुतेकांनी कोपर हौसेने निवडलेले नाही. मुलुंड परवडले नाही म्हणून ठाणे पाहिले, ठाणे परवडले नाही म्हणून डोंबिवली, आणि डोंबिवली स्थानकालगतचे भाडे झेपेना तेव्हा कोपर. भाड्यात वाचलेले पैसे आपण दररोज तीन-तीन तासांच्या प्रवासाने फेडतो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ धावत्या गाड्यांच्या दारांतून माणसे खाली पडली, त्यांतील काहींचा जीव गेला. दाराशी लोंबकळण्याचा छंद म्हणून ती तेथे उभी नव्हती. महागाईच्या कोणत्याही सरकारी आकड्यात ही किंमत धरलेली नाही.

आज मला बोलावयाचे आहे ते मध्यमवर्गीय घराच्या हिशेबाविषयी. एक काल्पनिक, पण आपल्या ओळखीचे घर घेऊ. नवरा अंधेरीतील एका खाजगी कचेरीत, पत्नी घरी शिकवण्या घेते, दोन मुले, सासूबाई. दोघांचे मिळून महिना ३२ हजार. भाडे ९ हजार, शाळेची आणि क्लासची फी महिन्यावर वाटली तर ५ हजार, किराणा, दूध व भाजी ११ हजार, वीज, गॅस, फोन आणि पास ३ हजार, सासूबाईंची औषधे दीड हजार. उरले अडीच हजार. त्यांतून सणवार, लग्नकार्य, कपडालत्ता आणि एखादा ताप. मार्चमध्ये घरमालक भाडे हजाराने वाढवतो, जूनमध्ये शाळा फी वाढवते. पगार मात्र दोन वर्षांमागे होता तेथेच. मग संध्याकाळी घरात काय बोलले जाते? “तुझ्या हाताला धरबंधच नाही.” ती म्हणते, “तुम्हीच एकदा बाजार करून पाहा.” महागाईचा पहिला परिणाम हा, की ती नवराबायकोंच्या भांडणाचे रूप घेऊन येते. आणि जोवर ती भांडणच राहते तोवर मालकाला आणि सरकारला तिची झळ लागत नाही. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून काटकसरीचे उपाय सांगणारी मंडळी याच भांडणात नकळत एका बाजूला उभी राहतात. हॉटेलात जाऊ नका, म्हणतात. आमच्या या घराने हॉटेलचे पाटीवरील भाव सोडून दुसरे काही पाहिलेले नसते!

हे भांडण घराबाहेर काढण्याचे काम एकदा झालेले आहे, आणि ते बायकांनी केले आहे. १९७२ च्या दुष्काळात धान्य, तेल, साखर, रॉकेल मिळेनासे झाले तेव्हा मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी या वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एका व्यासपीठावर आल्या. चाळीतली आणि ब्लॉकमधली बाई एकाच मोर्चात लाटणे घेऊन चालली. लाटणे हे त्या मोर्चाचे भूषण नव्हते. स्वयंपाकघरातील अडचण ही सचिवालयातील निर्णयाचा परिणाम आहे, एवढे सांगणारा तो पुरावा होता.

दुसरी लढाई वेतनाच्या बाजूने झाली, आणि ती मला आज अधिक महत्त्वाची वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरणी कामगाराचा भत्ता भावांच्या निर्देशांकाशी जोडला गेला. भाव वाढले की भत्ता वाढेल, दर वेळी मालकापुढे हात पसरावा लागणार नाही, हे त्यातले तत्त्व. पण मग निर्देशांक कोण मोजतो, कसा मोजतो, हाच प्रश्न वर्गलढ्याचा झाला. १९६३ साली मुंबईचा निर्देशांक प्रत्यक्ष महागाईपेक्षा कमी दाखविला जातो, अशी तक्रार घेऊन कामगार रस्त्यावर आले. सरकारला प्रा. लकडावाला यांची समिती नेमावी लागली, आणि आकडा चुकीचा होता हे समितीने मान्य केले. संख्याशास्त्रातील चूक कामगारांनी आपल्या रिकाम्या डब्यावरून ओळखली होती. १९७४ मध्ये केंद्र सरकारने महागाई भत्त्यातील निम्मी वाढ सक्तीची ठेव म्हणून अडकवून ठेवली. १९७७ च्या डिसेंबरात राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी केंद्राइतक्या महागाई भत्त्यासाठी संप पुकारला, तो ५४ दिवस चालला. अगदी अलीकडे, २०२० च्या जानेवारीपासून केंद्राने भत्त्याचे तीन हप्ते गोठविले. २०२१ च्या जुलैपासून भत्ता १७ वरून २८ टक्के झाला खरा, पण मधल्या दीड वर्षाची थकबाकी दिली नाही. महागाई भत्ता ही कुणाची मेहरबानी नसून तो लढून मिळविलेला आणि लढूनच टिकविलेला हक्क आहे, हे आपल्यातील ज्यांना तो मिळतो तेही विसरलेले आहेत.

आणि ज्यांना मिळत नाही? आपल्या काल्पनिक घरातील नवऱ्याचे पगारपत्रक उघडून पाहा. मूळ वेतन आहे, घरभाडे भत्ता आहे, कुठलासा विशेष भत्ता आहे. महागाई भत्त्याचा रकानाच नाही. किमान वेतनाच्या कायद्याखाली येणाऱ्या कामगाराला महाराष्ट्रात सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता तरी असतो. किमान वेतनाच्या थोडा वर असलेला कारकून, विमा विकणारा, संगणकापुढे बसणारा, क्लासमध्ये शिकविणारा यांना वार्षिक ‘मूल्यमापना’वर सोडून दिलेले आहे. साहेब खूश तर पाच टक्के, नाहीतर पुढच्या वर्षी पाहू. भाव मात्र साहेबाच्या मर्जीची वाट पाहत नाहीत. शिवाय त्याच्या पदनामात ‘एक्झिक्युटिव्ह’ असा शब्द घातलेला असतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत पर्यवेक्षकाचे काम करणारा आणि १८ हजारांहून अधिक वेतन घेणारा मनुष्य ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाही. दोन मुलांवर देखरेख करावयास सांगितली की झालात तुम्ही पर्यवेक्षक. त्या पदनामाने आपण सुखावलो, हा आपला दोष आहे. संघटना हे गिरणीवाल्यांचे काम, आपण शिकलेली माणसे, असे म्हणत आपण डोंबिवलीत दोन पिढ्या काढल्या.

घर विकत घेतलेल्यांची कथा वेगळी, पण सुखाची नव्हे. ग्राहक निर्देशांकात भाडे मोजतात, कर्जाचा हप्ता मोजत नाहीत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात महागाई आवरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला. वीस वर्षांच्या २५ लाखांच्या कर्जावर व्याज सातचे साडेनऊ झाले तर हप्ता सुमारे ३,९०० रुपयांनी वाढतो. म्हणजे महागाईवरचे औषधच या घराची महागाई! २०२५ मध्ये दर उतरले, तोवर हप्त्यांची मुदत कुठल्या कुठे लांबली होती. आणि कल्याण-डोंबिवलीतील ज्या ६५ इमारती खोट्या कागदपत्रांवर उभ्या असल्याचे उघड होऊन उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला, तेथे घर घेणाऱ्यांचे हप्ते तरी कशाचे म्हणावयाचे?

२०२५ च्या अर्थसंकल्पात १२ लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त झाले, तेव्हा मध्यमवर्गाची दिवाळी झाली असे लिहिले गेले. आपल्या घराचे वार्षिक उत्पन्न ३ लाख ८४ हजार. ते आधीही आयकर भरत नव्हते, तेव्हा त्याला सूट मिळाली शून्याची. उलट १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद तांदूळ, डाळ, पीठ यांवर ५ टक्के कर बसला, तो या घराने पिशवीपिशवीने भरला आहे.

एक सावधगिरीची सूचना मात्र केलीच पाहिजे, ती काहींना रुचणार नाही. कांदा महागला की आपण ओरडतो. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने ती ओरड ऐकली आणि कांद्याची निर्यात बंद केली. मे २०२४ मध्ये बंदी उठेपर्यंत भाव पडल्याची किंमत नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्याने मोजली. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधील एका अभ्यासनिबंधानुसार ग्राहकाच्या रुपयातले कांदा उत्पादकाला सुमारे ३६ पैसे, टोमॅटो उत्पादकाला ३३ पैसे मिळतात. उरलेले वाटेत जातात. आपण दाराशी घासाघीस करतो ती या ३३ पैशांशी. लासलगावच्या शेतकऱ्याला बुडवून कोपरच्या कारकुनाला तगवावे, ही मागणी समाजवाद्यांची असू शकत नाही. आपली मागणी स्वस्त कांद्याची नाही, कांदा घेता येईल अशा वेतनाची आहे. आणि वाटेतले पैसे कोण खातो याच्या चौकशीची आहे.

आता कामाचे. कुणी मला विचारले, की खाजगी नोकरीत असे काही मागितले तर उद्या घरी बसवतील. बसवतील, एकट्याने मागितले तर. म्हणून आज मोर्चा काढा असे मी म्हणत नाही. येत्या महिन्याभरात या वस्तीतील पन्नास घरांनी आपला जमाखर्च आणि गेल्या तीन वर्षांची पगारपत्रके, नाव झाकून, एकत्र आणावीत. आपला निर्देशांक आपण मांडू. त्यात भाडे, फी, औषधे आणि प्रवासाचे तास, सारे धरू. हिशेब लिहिण्याचे काम भगिनींनी करावे, कारण तो त्यांना तोंडपाठ आहे. आणि या वेळी पुरुषांनी तो निमूटपणे ऐकावा. वह्या मागे टेबलावर ठेवलेल्या आहेत. शेवटची गाडी पकडावयाची असेल त्यांनी आधी घ्याव्यात.